जिनाची जमीन आणि तुझं भेव

वामन,

तुझं तेरावं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या जुन्या जिनातल्या वस्तीत गेलो. चैत्राचं ऊन नुकतं तापायला लागलं होतं. फाटकातून आत शिरलो तसे पाय आपोआप उत्तरेच्या कोपऱ्याकडे वळले, दर उन्हाळ्यात तू मला जिकडे ओढत न्यायचास तिकडे. पार्वताबाई ओसरीत बसून मिरच्यांची देठं खुडत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाली, "भौ, उन्हाळा तर लागला. आता कोन पाहीन?"

काय पाहायचं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वस्तीतल्या पोराबाळांनाही ते ठाऊक आहे. नगरपालिकेचा ओव्हरसिअर उन्हाळ्यात येतो, कोपऱ्याच्या ओळीतल्या एकेका घरात शिरतो, चपला दाराबाहेर काढतो, गुडघ्यांवर बसतो आणि फरशीवर तळहात टेकवून डोळे मिटतो. तेवढा वेळ बायका हातातलं काम सोडून उभ्या राहतात. मग तू उठायचास आणि म्हणायचास, "गार हाये." की लगेच चुलीवर तवा चढायचा.

मी म्हणालो, "मी पाहीन." म्हणालो खरा. तिच्या पुढच्या खोलीत गुडघे टेकले, हात ठेवला. फरशी कोमट लागली. दारातून ऊन येत होतं म्हणून कोमट, की खालून? तुझ्या हाताला ते कळायचं. उठून आतल्या खोलीत गेलो, तिथं ऊन पोचत नाही. तिथं गार होती. पार्वताबाई चौकटीला धरून उभी होती, माझ्या तोंडाकडे पाहत. आणि मला ते दोन शब्द बोलता येईनात. चुकलो तर? हिची नातवंडं याच फरशीवर झोपतात. तुझ्या जागी बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की 'गार हाये' म्हणायला किती धीर लागत असेल, आणि ते म्हणून घरी गेल्यावर तुझं जेवण कसं होत असेल.

शेवटी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

मला तुझ्या भेवाची गोष्ट लिहायची आहे. तू काय शिकलास, कुठं नोकरी केलीस, ते तुझ्या कचेरीनं फळ्यावर लिहून लावलं होतं. त्यात तू कुठंच नव्हतास. सोनाळ्याहून ट्रंक घेऊन वसतिगृहात आलेला, आडात वाकून पाणी काढायला भिणारा, कंदिलाची काच पुसायची म्हटली तरी आधी दहादा फुंकर मारून पाहणारा, असा माझा खोलीसोबती. मी इथल्याच मळ्यातला, वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात वाढलेला. साप दिसला तर काठी शोधणारा. मी तुला चारचौघांत भित्रा म्हणायचो. दुसरा कोणी असता तर मारामारीवर आला असता. तू शांतपणे म्हणायचास, "हाव, मले भेव लागते. लागते तर लागते. लपवून काय करू?" त्या वयात असं बोलणारा मी दुसरा पाहिला नाही.

मॅट्रिकच्या वर्षी कापसाचं जीन जळालं, आठवतं? दुपारच्या सुट्टीत काळा लोट उठला आणि सगळी शाळा त्या दिशेनं धावली. मीही धावलो. तू शाळेच्या पायरीवरून हलला नाहीस. मी परत आलो तेव्हा माझे डोळे लाल, शर्टाला धुराचा वास, आणि सांगायला खूप काही. तू एवढंच विचारलंस, "विझलं काय?"

"विझलं."

"आतून?"

मी हसलो. आग आतून कशी विझते, बाहेरून कशी विझते, मला काय माहीत. पण तू हसला नाहीस. जिनात काम करणाऱ्या कोणाकडून तरी तू ऐकलं होतंस की सरकीचा ढीग ओला राहिला तर पोटातून तापतो, वरून हात लावला तरी कळत नाही.

जीन पुन्हा सुरू झालंच नाही. मालक मुंबईला निघून गेले. धुराडं पडलं, पत्रे लोकांनी नेले, आणि जिनातले मजूर मागच्या नाल्याच्या काठानं गोणपाट नि टिनाच्या झोपड्या घालून राहिले. पुढं महाराष्ट्र झाला. नागपूरला जाणारे कागद मुंबईला जायला लागले. मी भाजीच्या अडत्यांच्या भांडणातून पुढारी झालो, वॉर्डातून निवडून आलो, आणि त्याच वर्षी तू बदली होऊन आमच्या नगरपालिकेत ओव्हरसिअर म्हणून आलास. घाटाखालच्या या तापत्या गावात. सुमनवहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, अठी माणसं कशी राह्यतात म्हणून.

जिनाची जागा नगरपालिकेकडे आली होती. व्यापाऱ्यांना तिथं गोदामं हवी होती. मी सभेत उठून म्हणालो, ज्यांनी त्या जिनात फेफडं काळं केलं त्यांना तिथं घरं द्या. टाळ्या पडल्या. टाळ्या मला मिळाल्या, काम तुझ्या अंगावर पडलं.

ते पहिले महिने आपले फार चांगले गेले रे. तू रोज सकाळी त्या पडक्या जागेत फिरायचास आणि एकेक वीट हातात घेऊन वाजवून पाहायचास. "या विटा आपल्या भट्टीतल्या विटांपेक्षा पक्क्या हायेत, फेकायच्या काऊन?" असं म्हणत तू सगळ्या विटा निवडून रचायला लावल्यास. जळालेल्या गोदामाच्या सागवानी तुळयांची वरची काळी कातडी तासली तर आत लाकूड पिवळं धमक निघालं. धुराड्याच्या राखेत चुना कालवून तू विटांमधल्या दरजा भरायला लावल्यास. पत्रा घालायचा नाही म्हणालास, आमच्याकडचा वैशाख पत्र्याखाली माणूस शिजवतो. इंग्रजी कौलं, जाड भिंती, समोरासमोर खिडक्या. आणि आग विझवायला बांधलेला तो जिनाचा मोठा हौद, ज्यात मी कचरा टाकायचा म्हणत होतो, तो तू घासून घेतलास आणि सगळ्या छपरांचं पाणी त्यात उतरवलंस. वर जाळी बसवलीस, अर्थात. जाळीला कुलूप. कुलपाच्या दोन किल्ल्या. मी म्हणालो, "हौदाले काय चोर नेणार हाये काय बे?" तू म्हणालास, "लेकरू वाकून पाह्यते."

आज दुष्काळी वर्षात सगळं गाव टँकरमागं धावतं तेव्हा जिनातल्या बाया हौदाच्या पाण्यानं भांडी घासतात. हे तुला कोणी सभेत सांगितलं नाही. मीही नाही.

प्रत्येक ओळीचा पाया घ्यायच्या आधी तू पहार घेऊन जमीन तपासायचास. रहीम मिस्त्री पहार मारायचा आणि तू कान लावून बसायचास. सगळीकडे खण्ण वाजायचं, मुरूम. उत्तरेच्या कोपऱ्यात आवाजच आला नाही. पहार लोण्यात सुरी शिरावी तशी आत गेली, आणि बाहेर काढली तेव्हा रहीम मिस्त्रीनं टोकाला बोट लावून झटक्यात मागं घेतलं. "सायेब, ये तो गरम है."

ती जीन बांधताना माती-मुरूम काढलेली जुनी खाण होती, वर्षानुवर्षं सडकी सरकी, तेलकट कचरा आणि कोळशाची राख टाकून भरलेली. वर हातभर मातीचा थर, त्यावर गवत. तू तिथल्या तिथं सांगितलंस, हा सगळा कोपरा मुरूम लागेपर्यंत उकरल्याशिवाय वर एक वीट बसणार नाही.

मला अजून ती सभा दिसते. अध्यक्ष घाईत होते. मुंबईहून मंत्री येणार होते आणि त्यांच्या हातून सगळ्या घरांच्या किल्ल्या द्यायच्या असं ठरलं होतं. अध्यक्ष म्हणाले, खडी टाकून ठोकून घ्या, वरून फरशी करा, कोण खाली पाहायला जातं? दोन-तीन सभासदांनी माना हलवल्या. तू उभा राहिलास. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या रांगेतून कोणी तरी "मोठ्यानं" म्हणून ओरडलं. तू म्हणालास, "साहेब, मला भीती वाटते."

सगळी सभा हसली. ओव्हरसिअरनं नियम सांगावा, आकडे सांगावेत, हे काय? अध्यक्षही हसले. "अहो, भीती वाटते हे काय टिपणीत लिहायचं?"

"लिहा," तू म्हणालास. "माझ्या नावानं लिहा."

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडलो. त्या झोपड्यांतल्या लोकांना मी तारीख सांगून बसलो होतो. "तू भेत राह्यशीन नि ते नाल्यात सडत राह्यतीन," मी म्हणालो. तू छत्रीची मूठ चाचपत उभा राहिलास. मग म्हणालास, "तुळशीराम, मले खोटं ठरव. मी खड्डा मारून दाखवतो. काही निघालं नाही तर मी सही करतो."

त्या खड्ड्याची सकाळ मी विसरणार नाही, आणि मला वाटतं तूही ती कधी विसरला नाहीस.

वरची माती काढली तोपर्यंत काहीच नव्हतं. काळा, दमट कचरा, सडक्या सरकीचा उग्र वास. मी तुला म्हणणारच होतो की झालं का समाधान. तेवढ्यात रहीम मिस्त्री पहार घ्यायला दोन पावलं पुढं सरकला आणि त्याच्या खालची जमीन बसली. आवाज झाला नाही. माणूस उभ्या उभ्या कमरेइतका खाली गेला, आणि त्याच्या भोवतीनं धूर वर आला. पांढरा, जाड, हळू हळू. मग त्याची किंकाळी.

मी धावलो. पुढं पाऊल टाकणार तर तू मागून माझा सदरा धरलास. इतक्या जोरानं की बटणं तुटली. "जाऊ नोको! तूही जाशीन!" तू मागं पळालास. मला वाटलं, पळाला. खरंच वाटलं, वामन, त्या क्षणी. आणि तू परत आलास तेव्हा तुझ्याबरोबर दोन मजूर होते आणि जिनाचा जुना दरवाजा होता, सागाचा, निखळलेला. तो तुम्ही धुरात आडवा ढकललात आणि तू त्यावर पालथा पडलास. मला म्हणालास, "पाय धर."

तुझे पाय मी धरले. ते लटलट कापत होते. माझ्या हातात थरथर अशी येत होती की पकड सुटेल असं वाटावं. तू दरवाजावरून सरपटत पुढं चालला होतास आणि सारखा बोलत होतास, रहीम मिस्त्रीशी नाही, माझ्याशी नाही, कोणाशीच नाही. "मले भेव लागते. मले भेव लागते. मले भेव लागते." आणि सरपटत होतास. त्याच्या काखांत हात घातलेस. त्याला खालून आग होती नि तुझ्या तोंडावर धूर. आम्ही ओढलं. तो निघाला.

त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजला होता. जगला. पुढं लंगडत का होईना, त्याच घरांच्या भिंती त्यानं उभ्या केल्या. अजूनही मला भेटला की म्हणतो, "ओव्हरसिअर साहब डरते थे, इसलिए मैं हूँ."

तू मात्र त्या दिवशी हौदाच्या कठड्याला टेकून ओकलास. 

त्यानंतर कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी कोपऱ्याचं काम थांबवलं. मंत्री आले, बाकीच्या घरांच्या किल्ल्या दिल्या, हार घातले, गेले. कोपऱ्याच्या ओळीतली घरं ज्यांना मिळायची होती ती माणसं नाल्यावरच राहिली. खाण उकरायला तो उन्हाळा पुरला नाही. कचरा बाहेर काढला की हवा लागून पेटायचा, मग पाणी मारा, पसरा, निवू द्या, पुन्हा उकरा. तू त्या वासात दिवसभर उभा. आणि पावसाळा आला.

पार्वताबाईची लीला त्या पावसाळ्यात गेली. नुकती बोलायला लागलेली पोरगी, मला 'भौ' म्हणता यायचं नाही म्हणून 'बौ' म्हणायची. नाल्याचं पाणी झोपड्यांत शिरलं, उतरलं, आणि मागं हगवण सोडून गेलं. दवाखान्यात तू नि मी दोघंही होतो. तू बाहेरच्या बाकावर बसून होतास. आतून पार्वताबाईचा आवाज आला तेव्हा तू उठला नाहीस. मीच गेलो.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. त्याला भांडण तरी कसं म्हणू? तू वर्षानुवर्षं एकच विचारत राहिलास. जिनातून परत येताना, माझ्या मळ्यात बांधावर बसल्यावर, मोताळ्याला बाजाराच्या दिवशी एसटीची वाट पाहताना. "आपण थांबलो ते बरोबर केलं काय?" मी लगेच म्हणायचो, "हाव. बरोबर केलं. त्या खाणीवर घरं असती तर सगळी ओळ गेली असती." तू मान हलवायचास. मग जरा वेळानं म्हणायचास, "तू लगेच हाव म्हणतो, म्हणून मले पटत नाही."

कधी मी चिडून उलटं विचारायचो. "मग काय कराले पाह्यजे होतं? घरं देऊन टाकाले पाह्यजे होती?"

"नाही."

"मग?"

"तेच तर विचारून राह्यलो तुले."

काही तरी तिसरं असायला हवं होतं, असं तुला वाटायचं, आणि ते काय हे तुला सापडायचं नाही. मला तर शोधायचंही नव्हतं. मला ते प्रकरण मिटलेलं हवं होतं. पुढल्या वर्षी कोपऱ्याची ओळ उभी राहिली, पार्वताबाईला त्यातलं पहिलं घर तू स्वतः उघडून दिलंस. ती उंबऱ्याच्या आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "लय गार हाये हो आत." तू तोंड फिरवलंस. तेव्हापासून तो तुझा दर उन्हाळ्याचा फेरा सुरू झाला. खाण रिकामी केली होती, मुरूम भरला होता, ठोकला होता, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तरी तू हात ठेवून पाहायचास. मी म्हणायचो, आता काय राह्यलं हाये खाली? तू म्हणायचास, "मले काय माहीत."

तू ज्या ज्या गोष्टींना भ्यालास त्यातल्या एकीनंही तुला नेलं नाही. ना आड, ना साप, ना आग. कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, चहावाल्याला "जरा थांब" म्हणालास, आणि संपलं. मला निरोप आला तेव्हा मी मळ्यात मोट... नाही, मोट आता कुठं, इंजिन सुरू करत होतो. दोरी ओढत राहिलो. इंजिन काही लागेना. बऱ्याच वेळानं कळलं की मी ते सुरू करायचा प्रयत्न का करतोय हेच मला माहीत नाही.

सुमनवहिनींना भेटायला गेलो तेव्हा त्या रडत नव्हत्या. तुझा चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमी कधी कधी रागावून बोलायचे त्यायले, पन त्यायनं कधी मनावर नाही घेतलं. म्हनायचे, तुळशीराम मोहरं हाये म्हनून मी मांगं राहून भेऊ शकतो." मला तिथं बसवलं नाही. बाहेर येऊन सायकल हातात धरून चालत निघालो. वामन, हे मला जिवंतपणी का नाही सांगितलंस? आणि मी तरी कधी सांगितलं की तू मागं होतास म्हणून मी पुढं जाऊ शकलो?

आता पुढं तू नाहीस, मागंही नाहीस. आणि तुझं भेव माझ्या अंगात येऊन बसलं आहे. दिवसाढवळ्या चालता चालता पायाखालची जमीन चाचपतो. मळ्यातल्या खताच्या ढिगातून वाफ निघताना पाहिली की तिथंच थबकतो. बायको म्हणते, काऊन असे उभे राह्यता? काय सांगू?

वैशाखात नगरपालिकेत नवा ठराव आला. जिनाच्या बॉयलरघराच्या मागची जागा रिकामी आहे, तिथं आणखी एक ओळ बांधायची, नाल्यावर उरलेल्या झोपड्यांसाठी. तुझ्या जागी आलेला पोरगा दुसरबीडकडचा आहे, हुशार आहे, मन लावून काम करतो. त्यानं नकाशा केला होता, चांगला केला होता. सगळ्यांना घाई होती, कारण पावसाळा तोंडावर. मलाही घाई असायला हवी होती. मीच तर आयुष्यभर घाई केली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मले भेव लागते."

या वेळी कोणी हसलं नाही. पण सगळे माझ्याकडे पाहत राहिले. नवीन ओव्हरसिअर म्हणाला, "काका, पहार मारून पाहू." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दोन-तीन जागी खण्ण वाजलं. बॉयलरच्या पायापासून जरा लांब पहार आत गेली आणि वर आली ती काळी, तेलाच्या जुनाट वासाची. गरम नव्हती. पण आत गेली होती. त्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "उकरावं लागेल." मी म्हणालो, "हाव."

परत येताना नाल्यावरून आलो. मुद्दाम नव्हे, वाट तीच. एक तरुण बाई झोपडीसमोर लेकराला न्हाऊ घालत होती. तिनं विचारलं, "भाऊ, घरं कधी होतीन?" आणि मला लीलाचा आवाज आला. बौ. खरोखर आला, वामन. मी तिथं उभा राहिलो आणि मला इतकी भीती वाटली की तेवढी त्या खड्ड्याच्या सकाळीही वाटली नव्हती. जमिनीची नाही. त्या पाण्याची, जे अजून आभाळातही नव्हतं.

तेव्हा ते मला सुचलं. इतकं साधं की तुला सांगायला लाज वाटते. रेल्वे फाटकापलीकडे नगरपालिकेचं कापूस बाजाराचं शेड आहे. उंच जोतं, पक्कं छप्पर, तीन बाजूंनी भिंती. कापूस दिवाळीनंतर येतो, होळीपर्यंत संपतो. पावसाळाभर ते शेड रिकामं पडून असतं. त्यात कुत्री झोपतात.

मी सभा बोलवायची वाट पाहिली नाही. अध्यक्षांच्या घरी गेलो, त्यांच्या ओसरीत बसून राहिलो आणि सही घेतल्याशिवाय उठलो नाही. अडते कुरकुरले, ती माणसं आत आली की दिवाळीला निघणार नाहीत म्हणाले. मी म्हणालो, निघाली नाहीत तर माझ्या मळ्यात नेईन. बोलून गेलो आणि मग त्याचीही भीती वाटली. पण बोलून गेलो.

आपण जमिनीला भ्यालो आणि नाल्याला भ्यायला विसरलो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, असं मला वाटतं. थांबलो ते बरोबर होतं. थांबेपर्यंत त्यांना तिथंच ठेवलं, ते नाही. तू तिसरं काही तरी शोधत होतास ते हे असावं. की नसावं? तू असतास तर मान हलवली असतीस आणि जरा वेळानं पुन्हा विचारलं असतंस. मला आता त्याचा कंटाळा आला नसता रे.

काल झोपड्या हलल्या. गाडग्या-मडक्यांच्या, गोणपाटांच्या, कोंबड्यांच्या बैलगाड्या शेडापाशी लागल्या. आभाळ काळवंडलं होतं, पाऊस नव्हता. मी जोत्यावर उभा राहून जागा वाटून देत होतो आणि जो तो आपलीच जागा गळते म्हणत होता. एवढ्यात पार्वताबाई आली. जिनातून चालत, डोक्यावर भाकरींची टोपली, बरोबर तिची सून, तिच्या हातात पिठल्याचं पातेलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ती आत आली. टोपली न उतरवता तिनं वर पाहिलं, छपराकडे. मग भिंतींकडे. मग पुन्हा छपराकडे. बराच वेळ. मला कळलं ती काय मोजत होती. पावसाळ्यात राहायला हे शेड मी पहिल्यांदाच कोणाला दिलं होतं.

"भौ," ती म्हणाली, "हे तवाबी अठीच होतं ना?"

मी "हाव" म्हणालो. या वेळी लगेच म्हणालो नाही, वामन. लागला तेवढा वेळ लागला.

तिनं मान हलवली.  टोपली उतरवून सुनेच्या हातात दिली. त्या लेकुरवाळ्या बाईची पथारी वाऱ्याच्या तोंडाशी पडली होती. पार्वताबाईनं वाकून ती उचलली, आतल्या भिंतीपाशी नेली, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अठी नीज, माय. अठी कोरडं हाये."